दोन ओळींची भाची

ताई, नमस्कार. मी ठाण्यात लोकमान्य नगरला राहते. सकाळी पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते, संध्याकाळी एका घरी स्वयंपाकाला जाते. हे रिक्षा चालवतात. मुलगा दहावीला आहे. माझा भाऊ घोडबंदरला बिल्डिंगच्या कामावर होता. वीस महिन्यांपूर्वी स्लॅबवरून पडून गेला. मग वहिनीला टीबी झाला, अंगावर काढला, शेवटी शिवडीच्या टीबी इस्पितळात चार महिने ठेवावं लागलं. मी तेव्हा सासूच्या आजारपणासाठी गावी, पाटणला होते. मुलं खोलीत दोघंच, भाडं थकलेलं. शेजाऱ्यांनी १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला आणि मुलांना बालगृहात नेलं. त्याला आता चौदा महिने झाले.

भाचा सहा वर्षांचा आहे. माझा फार लाडका. भेटायला गेले की जवळ येत नाही. मागच्या वेळी चिवडा घेतला आणि माझ्याकडे पाठ करून खात बसला. निघताना वळूनसुद्धा बघितलं नाही. मी बसमध्ये रडले. भाची अकरा वर्षांची आहे, ती दुसऱ्या गावी मुलींच्या बालगृहात आहे. ती समंजस आहे, तिची काही तक्रार नसते.

वहिनी आता बरी आहे पण अशक्त. कळव्याला बहिणीकडे राहते. मुलं मागते, पण तिला स्वतःची खोली नाही. मी जिथे स्वयंपाक करते त्या मॅडमच्या ओळखीत एक जोडपं आहे, त्यांना मूल नाही. ते म्हणतात, मुलाला आम्ही फॉस्टर केअरमध्ये घेतो, म्हणजे आधी नुसतं सांभाळतो, पुढे दत्तक घेऊ, इंग्रजी शाळेत घालू. मॅडम म्हणतात, तू त्याला दहा बाय पंधराच्या खोलीत आणून काय देणार? हे म्हणतात, आपलंच भागत नाही. मला वाटतं त्याला घरी आणावं. मी स्वार्थी आहे का? त्याचं भलं कशात आहे?

– एक आत्या, लोकमान्य नगर, ठाणे

(पत्र कमी केलं आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ताई,

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे. ते मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन वाचलं. भाच्याचा चिवडा, त्याचे दात, त्याची चप्पल, सगळं त्यात आहे. भाचीबद्दल दोन ओळी आहेत. त्या मी वर जशाच्या तशा ठेवल्या. त्यांच्याकडे मी येणार आहे, पण आधी चिवड्याचं बोलू, कारण बसमध्ये रडलात ते त्याच्यासाठी.

तो तुम्हाला विसरलेला नाही. रुसलेलाही नाही. रुसायलासुद्धा समोरचं माणूस जाणार नाही याची खात्री लागते. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन नावाचा एक समाजसेवक इस्पितळांत एकट्या ठेवलेल्या लहान मुलांकडे बघत बसायचा. तेव्हा तिथे आईबापांना भेटायला फार कमी वेळ देत. त्याला सगळीकडे तेच दिसलं. मूल आधी आकांत करतं, मग मुकं होतं, आणि मग एक दिवस खेळायला लागतं, हसतं, सगळ्या नर्सांकडे जातं. लोकांना वाटायचं, रुळलं बरं का. पण आई आली की तेच मूल तोंड फिरवायचं. रॉबर्टसनने सांगितलं, हे रुळणं नव्हे. मुलाने आईला मनातून बाजूला ठेवलंय, कारण रोज वाट बघणं त्याला झेपत नाही. तुमचा भाचा या तिसऱ्या पायरीवर आहे.

मी बावीस वर्षं बालगृहांत काम केलं. एका ठिकाणी भेटीचा रविवार असायचा. सात वर्षांचा एक मुलगा त्या दिवशी सकाळी सहालाच आंघोळ करून, केसांना तेल चोपडून फाटकाशी उभा राहायचा. कोणी येत नव्हतं. मी त्याला म्हणायचे, "येईल हं आई, गाडी चुकली असेल." तीन रविवार हे म्हटलं. चौथ्या रविवारी त्याने आंघोळच केली नाही. आई दोन महिन्यांनी आली तेव्हा तो जागचा उठला नाही, आणि ती मला म्हणाली, "बाई, तुम्ही माझ्या पोराला काय केलंत?" मी काही केलं नव्हतं असं मला आजही म्हणता येत नाही. खोटा दिलासा मी दिला होता.

म्हणून तुम्ही "लवकर नेते हं बाळा" म्हणू नका. तारीख सांगा. महिन्यातून दोनदाच जमत असेल तर दोनदाच, पण सांगितलेल्या दिवशी, पाऊस असो की रिक्षावाल्यांचा बंद. त्याने पाठ केली तर करू द्या. तुम्ही बाजूला बसा, चिवडा तुम्हीही खा. आणि एक वाक्य त्याला दर भेटीत सांगा, तो ऐकत नाही असं वाटलं तरी: तुझी आई आजारी होती, आता बरी आहे, तू काही चुकलेला नव्हतास. या वयाच्या मुलांना ठाम वाटत असतं की आपण काहीतरी केलं म्हणून घर मोडलं. कोणी दूध सांडलेलं असतं, कोणी हट्ट केलेला असतो, आणि ते त्यांनी मनात धरून ठेवलेलं असतं.

वहिनीला सोबत न्या. टीबीचा कोर्स पुरा झाला असेल आणि डॉक्टरांनी तसं लिहून दिलं असेल तर तिच्यापासून मुलांना धोका नाही. तो कागद पिशवीत ठेवा, फाटकावर कुणी कुरकुर केली तर दाखवायला.

आता मॅडम. त्यांचं बोलणं मी हसण्यावारी नेत नाही, चांगल्या मनानेच बोलल्या असतील. पण त्यांनी हिशेब असा मांडलाय की एका पारड्यात तुमची दहा बाय पंधराची खोली आणि दुसऱ्या पारड्यात इंग्रजी शाळा. या हिशेबाने चाललो तर अर्ध्या ठाण्याची मुलं उरलेल्या अर्ध्या ठाण्याला वाटून टाकावी लागतील. मूल गरिबाघरी आहे एवढ्यावरून ते काढून घेता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या पर्यायी संगोपनाच्या सूचनांत हे स्वच्छ लिहिलं आहे, आणि आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्याचंही तत्त्व तेच आहे: मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, संस्था हा शेवटचा उपाय.

आणि मॅडमना पुरावा हवा असेल तर पुढचं वाचून दाखवा. अमेरिकेत मुलं घरातून काढून फॉस्टर घरांत ठेवण्याची मोठी व्यवस्था आहे. तिथे मूल काढताना सर्वांत जास्त वेळा जे कारण नोंदलं जातं ते मारहाणीचं नसतं, 'दुर्लक्ष' असं असतं, आणि दुर्लक्ष कुठे संपतं न् गरिबी कुठे सुरू होते हे पुष्कळदा सांगता येत नाही. जोसेफ डॉयल या अर्थशास्त्रज्ञाने २००७ मध्ये इलिनॉय राज्यातल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे तपासनीस आळीपाळीने नेमले जात, त्यात काही कडक, काही सौम्य. त्यामुळे सारख्याच परिस्थितीतलं एक मूल घरी राहायचं आणि दुसरं उचललं जायचं, केवळ कोणता तपासनीस आला यावर. अशा काठावरच्या मुलांमध्ये घरी राहिलेली मुलं पुढे बरी निघाली: गुन्ह्यांत कमी अडकली, मुलींना कोवळ्या वयात दिवस जाण्याचं प्रमाण कमी राहिलं, कमाईही बरी झाली. म्हणजे फॉस्टर घरं वाईट असं नव्हे. ज्या घरात खरोखर मारहाण आहे, लैंगिक छळ आहे, तिथून मूल बाहेर काढलंच पाहिजे. अशी मुलं मी स्वतः आणली आहेत आणि त्याचा मला एक दिवसही पश्चात्ताप झाला नाही. पण तुमच्या भावाचं घर त्यातलं नव्हतं.

त्या घरात काय झालं होतं? बाप मेला. आई इस्पितळात. आत्या गावी. घरमालक दारात. शेजाऱ्यांनी फोन केला ते बरोबरच केलं, दोन लहान मुलं रात्री एकटी झोपत होती. चुकलं ते पुढचं. संकट चार महिन्यांचं होतं आणि त्याला दिलेलं उत्तर चौदा महिने झाले तरी संपलेलं नाही. आई इस्पितळातून घरी आली तेव्हाच कुणीतरी म्हणायला हवं होतं की चला, आता हिला उभं करू. कुणी म्हटलं नाही, कारण मुलं तर "नीट" होती. जेवत होती, शाळेत जात होती.

रुमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० साली एक अभ्यास सुरू झाला. अनाथालयातली १३६ बाळं घेतली, त्यातल्या निम्म्यांना फॉस्टर कुटुंबांत ठेवलं. कुटुंबात गेलेल्या बाळांची बुद्धी आणि माणसं जोडण्याची ताकद संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगली वाढली, आणि जी दोन वर्षांच्या आत गेली त्यांची जास्तच. हे वाचून घाबरू नका. ती फार लहान बाळं होती, ज्यांना सुरुवातीपासून हक्काचं माणूसच नव्हतं. तुमचा भाचा जवळजवळ पाच वर्षं आईच्या कुशीत वाढला आहे, पाया पक्का आहे. पण या अभ्यासातून एक गोष्ट मॅडमनाही पटेल: खाणं, छप्पर, शाळा एवढ्याने मूल वाढत नाही, त्याला रोज तेच एक माणूस लागतं.

मग ते जोडपं चांगलं माणूस म्हणून का नको? कारण त्या मुलाला माणूस आहे. फॉस्टर केअर, म्हणजे कायद्याच्या भाषेत प्रतिपालन, हे नात्याबाहेरच्या कुटुंबाने मूल सांभाळणं. कुठल्या मुलाला तसं ठेवायचं ते बालकल्याण समिती, म्हणजे अशा मुलांचे निर्णय घेणारी जिल्ह्याची सरकारी समिती, ठरवते. मॅडम ठरवत नाहीत, तुम्हीही नाही. केंद्राने २०२४ मध्ये काढलेल्या सूचनांप्रमाणे फॉस्टर कुटुंबाला दोन वर्षांनी दत्तक मागता येतं हे खरं आहे, त्या जोडप्याने बहुधा तेच वाचलं असेल. पण दत्तक द्यायचं मूल कायद्याने मोकळं असावं लागतं, आणि आई जिवंत आहे, मुलं मागतेय, तर ते कशाला मोकळं होईल? आईला टीबी झाला होता हा काही तिचा गुन्हा नाही. कुणी परस्पर "घेऊन जा, कागद मागून करू" म्हणालं तर सरळ नकार द्या. दत्तकाची ठरलेली पद्धत टाळून मूल देणं-घेणं हा गुन्हा आहे, आणि त्यात तुम्हीही अडकाल. त्या जोडप्याला माझा निरोप सांगा: जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन फॉस्टर पालक म्हणून नाव नोंदवा. दहा-बारा वर्षांची अशी मुलं आहेत ज्यांना भेटायला वर्षानुवर्षं कुणी येत नाही. त्यांना घर हवंय. (त्यांना दहा-बारा वर्षांची नको असतील, हे मला माहीत आहे. तरी सांगा.)

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. "आपलंच भागत नाही" हे पत्रातलं सर्वांत खरं वाक्य आहे आणि त्यावरून त्यांच्याशी भांडू नका. माझं मत असं की मुलं कायमची तुमच्या खोलीत आणायची नाहीतच. वहिनीला कळव्याहून उचलायचं आणि तुमच्या हाकेच्या अंतरावर, त्याच पाड्यात, एक खोली भाड्याने घेऊन द्यायची. मुलं आईची, आई तुमच्या नजरेखाली. ती दवाखान्यात गेली की मुलं तुमच्याकडे जेवतील, तुम्ही केंद्रात असलात की तुमच्या मुलाला ती डबा देईल. पहिले दोन-तीन महिने मुलं तुमच्याकडे राहिली तर चालेल.

डिपॉझिट कुठून आणायचं, हे तुम्ही म्हणाल. इथे मला तुमच्या पत्रातलं दुसरं एक वाक्य छळतंय. "स्लॅबवरून पडून गेला." एवढंच. भरपाईचं काय झालं? तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही, म्हणजे काहीच झालं नसावं. ठेकेदाराने अंत्यविधीला थोडे पैसे दिले असतील आणि मग फोन उचलला नसेल. ताई, कामावर असताना माणूस गेला तर वारसांना कायद्याने भरपाई मिळते. आधी हे १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात होतं, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. पगार आणि वय यावरून रक्कम ठरते. जुन्या कायद्यात ती १ लाख २० हजारांच्या खाली जात नव्हती, सहसा बरीच जास्त व्हायची. ठेकेदार पळाला तरी ज्याच्या बांधकामावर काम चाललं होतं तो मूळ मालक जबाबदार असतो. दावा मात्र अपघातापासून दोन वर्षांच्या आत लावायचा असतो. वीस महिने झाले. तुमच्याकडे चार महिने आहेत. नंतरही सबळ कारण दाखवून उशीर माफ करून घेता येतो, पण त्या भरवशावर राहू नका. शिवाय भावाची बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी असेल, तर कामावरच्या मृत्यूसाठी वारसाला ५ लाख मिळतात. घरात ते नोंदणीचं कार्ड शोधा. जुन्या पेटीत, गणपतीच्या फोटोमागे, जिथे माणसं असे कागद ठेवतात तिथे.

पोलीस ठाण्यातून अपघाती मृत्यूची नोंद, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल यांच्या नकला घ्या. मग कोर्ट नाक्याला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी विचारत जा. बाईला आणि मुलाला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. अर्ज वहिनीच्या नावाने होईल, म्हणून तिला घेऊन जा. ही भरपाई वेळेवर मिळाली असती तर भाडं थकलं नसतं, वहिनीने खोकला अंगावर काढला नसता, आणि आज तुम्ही मला पत्र लिहिलं नसतं. आई कमी पडली असं सगळे म्हणतात. त्या आईच्या घरात काय यायचं बाकी राहिलं होतं ते कुणी मोजलं नाही.

महिन्याच्या खर्चाला थोडा हात मिळतो. राज्याची सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, तिच्यात २०२३ पासून मुलामागे महिना २२५० रुपये. बाप गेलेली, आजारी पालकांची मुलं तिच्यात बसतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये मुलामागे महिना ४००० आहेत, विधवा आईकडे किंवा नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांना. तिथे शहरात कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ९६ हजारांच्या आत लागतं. तुमची रिक्षा नि पोळ्या मिळून त्यापेक्षा जास्त भरेल, वहिनीचं भरणार नाही. मुलं आईच्या नावावर घरी यावीत, असं मी म्हणते त्याचं हेही एक कारण. कोणती योजना लागू होते ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात सांगतील. भावाचा मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार, शाळेचं बोनाफाईड, बँकेचं पासबुक हे तयार ठेवा. घरासमोर मुलांसोबत उभं राहून काढलेला फोटोही मागतात. सरकारी पैसा आहे, एक तारखेला येईल असं धरून भाडं ठरवू नका. थकतो आणि मग एकदम येतो.

मुलं परत मागायचा अर्ज बालकल्याण समितीकडे, लेखी, वहिनीच्या सहीने, आणि खाली तुमचं निवेदन की मी आत्या आहे, जवळ राहते, लक्ष ठेवीन. समिती घरी समाजसेवक पाठवते. तो येणार म्हणून उसनं कपाट आणू नका. मुलं कुठे झोपतील, शाळेतून आली की दार कोण उघडेल, आई आजारी पडली तर काय, एवढं नीट सांगा. खोली लहान आहे म्हणून अडवलेलं मी तरी पाहिलं नाही. सारवासारव केलेली उत्तरं दिली म्हणून अडलेलं पाहिलं आहे. शाळेचं म्हणाल तर वर्षाच्या मध्येसुद्धा प्रवेश मिळतो, आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नाकारता येत नाही.

घरी आल्यावर पहिला आठवडा तो इतका शहाण्यासारखा वागेल की तुम्ही मला पेढे पाठवाल. पाठवू नका. थांबा. मग गादी ओली होईल. उशीखाली पोळ्या सापडतील. संडासला जायला "जाऊ का?" विचारेल, आणि जेवायच्या वेळी धुतलेलं ताट हातात घेऊन ओट्याशी उभा राहील, रांगेत उभं राहायची सवय म्हणून. आणि एक दिवस "तुझ्यापेक्षा तिकडेच बरं होतं" असं तोंडावर म्हणेल. त्या दिवशी पोळ्या लाटत राहा. तुम्ही त्याला परत पाठवता का, हे तो बघत असतो. तुमच्या दहावीच्या मुलाला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिली मारामारी गादीवरूनच होईल.

आता भाची.

पत्रात तुम्ही "मुलं" लिहिता आणि शेवटी "त्याला" घरी आणायचं म्हणता. जोडप्यालाही मुलगाच हवाय. मॅडमही मुलाबद्दलच बोलल्या. अकरा वर्षांच्या मुलीला कुणी मागितलंच नाही, कारण ती समंजस आहे. बालगृहात समंजस मूल म्हणजे कोण, हे मी तुम्हाला सांगते. ज्याने मागणं सोडलंय ते.

मला तुम्हाला दोष द्यायचा नाही. पण वहिनी शिवडीला असताना त्या खोलीत भात कुणी लावला असेल? भावाला शाळेत कुणी सोडलं? घरमालकाला "आई येईल हां परवा" कुणी सांगितलं? आणि बालगृहाची माणसं आली तेव्हा दार कुणी उघडलं? दहा वर्षांची होती ती. मग तिला एका गाडीतून नेलं आणि ज्याला ती सांभाळत होती त्याला दुसऱ्या ठिकाणी, कारण मुलांची बालगृहं वेगळी आणि मुलींची वेगळी. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवा असं संयुक्त राष्ट्रांच्या त्याच २००९ च्या सूचना सांगतात. इमारती मात्र तशा बांधलेल्या नाहीत.

मी काम करायचे त्या एका मुलींच्या बालगृहात नऊ वर्षांची एक मुलगी होती. महिन्यातून एकदा ती झोपायच्या खोलीच्या चौकटीवर पेन्सिलने रेघ मारायची. रंगारी आला तेव्हा मी रागावले. तर म्हणाली, "बाई, माझा भाऊ आता एवढा झाला असेल." भाऊ दोन गावं पलीकडे. ती अंदाजाने त्याची उंची धरत होती. अकरा रेघा होत्या. पुढे दोघांची भेट घडवून आणली तेव्हा तो तिच्या शेवटच्या रेघेपेक्षा चार बोटं उंच निघाला, आणि ती जी रडायला लागली ती थांबेना. बाकीच्यांना कळेना की भाऊ वाढला तर रडायचं काय.

भाच्याला आणून भाचीला "बारावीपर्यंत राहू दे" म्हणालात, तर तिला कळेल की घर होतं, आणि त्यात एकाचीच जागा होती. अठरा पूर्ण झाली की बालगृह तिला बाहेर सोडेल. त्यानंतर काही काळ अनुरक्षण गृहात राहता येतं, पण ती तेव्हा कुणाच्या घरी परतेल? अर्ज दोघांसाठी एकच करा. एकासाठी करायचा असेल तर करूच नका, असं मी म्हणते, आणि हे कठोर आहे ते मला माहीत आहे. आणि निकाल लागायला वेळ लागेल, म्हणून त्याच अर्जात आजच मागा की भावंडांची महिन्यातून एकदा भेट घडवा. समितीला तसा आदेश देता येतो. बहुतेक वेळा तो दिला जात नाही, कारण कुणी मागतच नाही.

तिला भेटायला जाल तेव्हा "कशी आहेस" विचारू नका, "बरी आहे" म्हणेल आणि तुम्ही दोघी सुटाल. तिला सांगा की तुला खूप काम पडलं, ते आमचं होतं. मग गप्प बसा, ती रडली तरी आणि नाही रडली तरी.

आणि त्याआधी भाच्याकडे जाल तेव्हा पर्समध्ये सुतळीचा तुकडा ठेवा. त्याची उंची मोजून घ्या. पाठ करून बसला तर उठवून उभा करा, पाठीमागूनही मोजता येते. टाचेशी एक गाठ, डोक्याशी एक गाठ. ती सुतळी भाचीला नेऊन द्या.